पट्टीवर नुसतं ‘डागी’ लिहून भागत नाही

प्रति,
राज्यातल्या फळ आणि फूल बाजारांचे सभापती, संचालक आणि सचिव,
तसंच गाळेधारक आडते आणि शीतगृहचालक

स. न. वि. वि.

आपल्या व्यवहारात फळाफुलांना सरसकट ‘नाशवंत माल’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यानं एक सोय करून ठेवली आहे. माल नासला की तो नासणारच होता, असं म्हणून विषय संपतो. मग शेतकऱ्याच्या हातात विक्रीच्या हिशेबाची जी पट्टी पडते, तिच्यावर वजन असतं, हमाली-तोलाई असते, भाव असतो, आणि भाव पडण्याचं कारण म्हणून एकच शब्द असतो: ‘डागी’. फुलांच्या पट्टीवर तेवढंही नसतं.

या पत्रातली मुख्य मागणी एका ओळीची आहे. पट्टीवर नासाडीचं कारण लिहा. बाकीचं पत्र हे ते कारण फळ हातात घेऊन कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर आवारात काय बदलायचं, याबद्दल आहे. बहुतेक कारणं डोळ्यांनी दिसतात, बोटाला लागतात, नाकाला कळतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

हापूसची एक पेटी समोर घ्या. अढीतून काढलेली, रंग धरलेली, वास सुटलेली. तीन-चार फळांवर काळं आहे. गाळ्यावर या चारही फळांना डागी म्हणतात, पण चारही फळांची कारणं वेगळी असू शकतात.

एका फळाच्या गालावर गोल, किंचित खोलगट काळे डाग आहेत. कधी ते देठाकडून खाली ओघळल्यासारखे एका रेषेत असतात, कारण पावसाचं किंवा दवाचं पाणी त्याच वाटेनं घरंगळलेलं असतं. हा करपा. कोलेटोट्रायकम नावाची ही बुरशी सुकलेल्या काड्यांवर आणि मोहोराच्या दांड्यांवर राहते. फळ अगदी सुपारीएवढं असतानाही ती थेंबाबरोबर सालीवर उतरते, रुजते, सालीला घट्ट चिकटते आणि थांबते. कच्च्या सालीत तिला न मानवणारी द्रव्यं असतात. आंबा पिकायला लागला की ती कमी होतात, आणि महिना-दोन महिने दबून बसलेली बुरशी चार दिवसांत डाग दाखवते. म्हणजे डाग तुमच्या गाळ्यावर उमटला, पण लागण बागेत झाली होती. गाळ्यावर फळ पुसून किंवा त्यावर काही फवारून आता उपयोग नाही.

दुसऱ्या फळावर काळेपणा देठापासून सुरू झाला आहे. कड नागमोडी, पुढं सरकणारी. दाबलं तर साल आत जाते, गर पाण्यासारखा सैल झालेला, कधी तपकिरी पाणी गळतं. ही देठकूज. हिची बुरशी लॅसिओडिप्लोडिया. ती फांदीच्या आत गपचूप राहते आणि देठाच्या वाटेनं फळात शिरते. देठ मुळापासून तुटला असेल, फळ मातीवर टेकवलं असेल आणि पेटी तिशीच्या पुढच्या उष्णतेत रात्रभर ट्रकमध्ये असेल, तर दोन-तीन दिवसांत आख्खं फळ जातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (आंबे उतरवायचं अवजार) फळ देठासकट कापतो, तो याच्यासाठीच. देठाचा तुकडा ठेवून काढलेलं फळ मग उलटं धरून सावलीत चीक निथळू द्यायचा असतो.

तिसऱ्या फळावर देठाकडून उतरलेले तपकिरी-काळे ओघळ आहेत, पण कोरडे. आज जेवढे आहेत तेवढेच उद्याही असतात. हा चिकाचा भाजका डाग. यात रोग नाही, गर शाबूत असतो. करपा आणि चीक यांत फरक न करता दोन्ही फळं एकाच ढिगात टाकली जातात. शेतकऱ्याच्या पैशाचं याहून सरळ नुकसान आम्हाला माहीत नाही.

चौथ्या फळाला खळगा पडलाय, त्याखालचा गर तपकिरी आहे आणि फुटल्या जागी काळी भुकटी बसली आहे. हा मार. तो पेटी भरताना, चढवताना किंवा धक्क्यावर उतरवताना लागतो. हा मार मात्र तुमच्या आवारातलाही असू शकतो, आणि पट्टीवर कारण लिहायची सवय लागली की ही गोष्टही लपणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

पाचवा प्रकार बाहेरून दिसतच नाही. साका. कापल्यावर गरात पांढुरकी, स्पंजासारखी, आंबूस गाठ निघते. हा रोग नव्हे, फळाच्या आतल्या जडणघडणीतला बिघाड आहे आणि हापूसचा तो जुना शाप आहे. फळ झाडावर पूर्ण पिकेपर्यंत न ठेवता १४ आणे तयार असताना काढलं तर साका कमी निघतो. काढल्यावर उन्हात तापू न देणं हा दुसरा उपाय. सहावा प्रकार अतिथंडीचा: १२ अंशांच्या खाली राहिलेला आंबा राखट पडतो, सालीवर बारीक खड्डे येतात, नीट पिकत नाही. शीतगृहातून निघालेल्या पेटीत असं फळ दिसलं तर बागायतदाराला विचारण्यात अर्थ नाही.

सहा कारणं आणि सहा वेगवेगळ्या जागा: मोहोराच्या वेळची बाग, काढणीचा दिवस, देठ कापणारा हात, वाहतूक, फळाच्या पक्वतेचा अंदाज, शीतगृहाची कळ. ‘डागी’ या एका शब्दात ही सगळी माहिती बुजून जाते. ज्याच्या पट्टीवर सलग तीन वेळा ‘देठकूज’ आली, तो काढणीची पद्धत बदलेल. ज्याच्या पट्टीवर ‘करपा’ आला, तो सुकलेल्या फांद्यांची छाटणी आणि मोहोरातल्या फवारण्या तपासेल. नुसतं ‘डागी’ आलेला माणूस नशिबाला दोष देतो किंवा आडता बदलतो.

लिलावाच्या वेळी निम्मे डाग दिसतच नाहीत, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. दबलेली लागण लिलावानंतर चार दिवसांनी वर येते. त्यासाठी नमुना पेटी ठेवा. प्रत्येक मोठ्या लॉटमधून डोळे मिटून १२ फळं घ्यायची, लॉटचा क्रमांक लावायचा, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओल्या कागदावर जाळी ठेवून तिच्यावर मांडायची आणि साध्या खोलीत पाच दिवस ठेवायची. ओलाव्यात करपा आणि देठकूज लपत नाहीत; करप्याच्या डागावर फिकट गुलाबी, चिकट बीजाणू उमटतात. पाचव्या दिवशी मोजायचं, कापून साका पाहायचा आणि आकडा शेतकऱ्याला मोबाइलवर कळवायचा. एका टेबलाची जागा आणि एक शिकवलेला मुलगा, एवढाच खर्च. बारा फळांवरून आख्ख्या लॉटचा टक्का काढू नये, पण कोणता आजार आहे ते कळायला बारा पुरतात.

आकड्यांचं म्हणाल तर भाषणांत ३०-४० टक्के नासाडी सर्रास ऐकू येते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियानातल्या सिफेट संस्थेच्या २०१५च्या अहवालात फळांचा काढणी आणि काढणीनंतरचा तोटा ६.७ ते १५.८८ टक्के आहे, सर्वांत जास्त पेरूचा. पण हा हरवलेल्या वजनाचा हिशेब. पहिल्या प्रतीचं फळ तिसऱ्या प्रतीच्या भावात गेलं, तर ते यात कुठंच धरलेलं नाही. तो तोटा फक्त पट्टीवर उमटतो, आणि पट्टी बोलत नाही.

करप्यावर बाजाराला काहीच करता येत नाही का? येतं, पण मुख्य आवारात नाही. आंबा काढल्यापासून २४ तासांच्या आत ५२ अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बुडवला तर सालीतली दबलेली बुरशी बऱ्याच अंशी मरते. म्हणजे टाकी उत्पादक भागातल्या उपबाजारात किंवा संकलन केंद्रात हवी. ट्रकनं रात्र काढून आलेल्या फळाला शहरातल्या आवारात गरम आंघोळ घालणं म्हणजे वरातीमागून घोडं. टाकी बसवताना चूक होते ती हीटरच्या ताकदीत. ४०० लिटर पाणी ५२ अंशांवर आहे आणि त्यात ३० अंशांचे १०० किलो आंबे सोडले, तर गर तापत जाईल तसं पाणी ४८ अंशांच्या दिशेनं घसरायला लागतं. चार अंश कमी झाले की बुरशी जगते आणि आंबा मात्र उगाच तापतो. हीटर ही घसरण भरून काढणारा हवा, पाणी पंपानं फिरतं हवं आणि तापमापक टाकीच्या दोन कोपऱ्यांत हवेत. उलट पाणी ५५च्या पुढं गेलं तर सालीवरचे बारीक ठिपके भाजून काळे पडतात. कोवळ्या फळाला हे आणखी लवकर होतं. बाहेर काढल्यावर फळ थंड आणि कोरडं केल्याशिवाय पेटीत भरू नये. जाता जाता एक खुलासा: ४८ अंशांना ६० मिनिटं ही वेगळी प्रक्रिया आहे, ती फळमाशीसाठी. युरोपीय संघानं मे २०१४मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली ती फळमाशीमुळं, आणि ती २०१५च्या जानेवारीत उठली. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला २००७पासून लासलगावला जी विकिरण मात्रा देतात, ती ४०० ग्रे (ग्रे हे विकिरण मोजायचं एकक), तीही किडीसाठी. तिनं करपा जात नाही. ‘एक्स्पोर्टची ट्रीटमेंट झालीय, आता डाग येणार नाही’ हे वाक्य आवारात ऐकू येतं, ते चूक आहे.

आता फुलांकडे येतो, कारण फुलांचं कोणी ऐकत नाही. पहाटे तीन-चारला माल उतरतो, सातपर्यंत बाजार आटोपतो, आणि त्यानंतर काय झालं ते ग्राहकाच्या फुलदाणीत कळतं.

गुलाबाच्या गाळ्यावरच्या कुठल्याही बादलीत हात घाला आणि आतल्या बाजूनं बोट फिरवा. बुळबुळीत लागेल. तो जिवाणूंचा थर. पाणी अजून स्वच्छ दिसत असतं, पण एका मिलिलिटरमागं जिवाणू दहा लाखांच्या पुढं गेले की दांड्याच्या कापलेल्या टोकाला नळ्या तुंबायला लागतात. दुसरं, गुलाब पहाटे कापून तास-दीड तास कोरडा पडला असेल तर त्या नळ्यांत हवा शिरलेली असते. वरून पाणी मागणारं फूल, खालून बंद झालेली नळी. फुलाच्या लगेच खालचा दांडा कोवळा असतो, तो आधी वाकतो. यालाच बाजारात ‘मान पडली’ म्हणतात आणि जात खराब आहे असा निष्कर्ष काढतात. जात क्वचितच खराब असते. ते फूल तहानेनं मेलेलं असतं, तेही पाण्यात उभं राहून.

उपाय कंटाळवाणा आहे म्हणून होत नाही. रोज बाजार आटोपल्यावर बादल्या साबणानं घासायच्या, मग क्लोरीनच्या पाण्यानं विसळायच्या, उपड्या घालून वाळवायच्या. गावात पाण्याच्या टाकीत टाकतात तीच टीसीएल पावडर, ३३ टक्के क्लोरीनची. विसळण्यासाठी १० लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग). फुलं उभी करायच्या पाण्यात १० लिटरला दीड ग्रॅम, म्हणजे ५० पीपीएम. यापेक्षा जास्त झालं तर दांडे पांढरे पडून भाजतात. पावडर आधी वेगळ्या भांड्यात कालवून निवळ वापरायची, गाळ टाकून द्यायचा. पोतं उघडं राहिलं की ताकद उडते, म्हणून चाचणीपट्टीनं बघायचं. घाण बादलीत क्लोरीन टाकून काही होत नाही. घाणच ते खाऊन टाकते. दांडा पाण्याखाली धरून दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापायचा, पाण्यात बुडणारी पानं काढायची.

आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. फुलांना आंबट पाणी मानवतं, सामू (पीएच) ३.५ ते ४. त्यासाठी सायट्रिक ॲसिड, लिटरला ०.३ ग्रॅमपासून सुरुवात करून सामू-कागदानं तपासत वाढवायचं. पण सायट्रिक ॲसिड आणि टीसीएल एका बादलीत कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आंबट पाणी जस्ताच्या बादलीतही नको, प्लास्टिकची वापरा. साखर टाकायची तर जंतुनाशकाबरोबरच, नाहीतर आपण जिवाणूंचं जेवण वाढतो. आणि तांब्याचं नाणं टाकण्याच्या जुन्या उपायाबद्दल एवढंच, की आजची रुपया-दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत.

जरबेराची तऱ्हा निराळी. ते उपटून काढतात, त्यामुळं बुंध्याला कठीण टाच राहते. ती कापल्याशिवाय पाणी चढत नाही. आणि त्याचा लवदार, पोकळ दांडा खोल पाण्यात कुजतो, म्हणून चार-पाच बोटं पाणी पुरे. ग्लॅडिओलस आडवे ठेवले की शेंडे वर वळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

मान पडण्याइतकाच तोटा करड्या बुरशीनं होतो. बोट्रायटिस. बाहेरच्या पाकळीवर टाचणीच्या डोक्याएवढे फिकट ठिपके दिसतात, दुसऱ्या दिवशी ते तपकिरी होतात, मग कळीच्या बुडाशी कुज लागते आणि हात लावताच पाकळ्यांचा झुबका गळून पडतो. हिचे बीजाणू पॉलिहाऊसमधूनच आलेले असतात, पण रुजायला त्यांना पाकळीवर काही तास ओल लागते. ती ओल आपण पुरवतो. जुलैतली हवा घ्या, २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या आसपास असतो. तीन अंशांवरून काढलेलं गुलाबाचं खोकं त्यात लगेच उघडलं की थंड बाटलीवर जमतं तसं पाणी पाकळ्यांवर जमतं. खोकं बंदच ठेवून हळूहळू कोमट होऊ दिलं तर पाणी खोक्याच्या बाहेरच्या अंगावर जमतं, आत नाही. याच्या उलट चूक म्हणजे गरम, ओली फुलं आधी प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये बांधून मग थंड करणं. आणि तिसरी, वीज गेली की शीतगृह दोन तास तापू देणं. प्रत्येक चढउतारात पाकळी एकदा भिजते. ही बुरशी शून्य अंशालाही सावकाश वाढत राहते, त्यामुळं ‘थंडीत ठेवलंय ना’ एवढं पुरत नाही. कोरडं आणि एकसारखं थंड हवं.

सुट्या फुलांबद्दल, म्हणजे झेंडू, शेवंती, गुलछडी, थोडंच लिहितो. दसऱ्याला आलेल्या झेंडूच्या भरगच्च गोणीत कोपरापर्यंत हात घाला, मधला भाग कढत लागेल. फूल श्वास घेतं, त्यातून उष्णता निघते, तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसन दुपटी-तिपटीनं वाढतं, म्हणजे उष्णता आणखी. त्यावर पाणी मारलेलं असलं की मधली फुलं दुपारपर्यंत काळी पडतात. जाळीचे कॅरेट, कमी थर आणि पाणी न मारणं, एवढ्यावर निम्मी लढाई आहे. ओल्या झेंडूला भाव कमी देणारा बाजार तोच झेंडू किरकोळीत विकताना स्वतः पाणी मारतो, हेही नोंदवून ठेवतो.

फळं आणि फुलं जिथं एकमेकांना मारतात, ती गोष्ट मात्र सर्वस्वी आवाराच्या हातातली आहे.

कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्यातून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असतात. त्याच्या जागी रायपनिंग चेंबर, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोल्या, आले. एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिली आहे. ६ मीटर लांब, ५ रुंद, ४ उंच खोली म्हणजे १२० घनमीटर, तिला १०० पीपीएमसाठी फक्त १२ लिटर वायू लागतो. जास्त सोडल्यानं आंबा लवकर पिकत नाही. हवेत सुमारे तीन टक्के झाला तर मात्र ठिणगीनं पेटतो. आंब्याला २० ते २२ अंश, ९० टक्क्यांवर आर्द्रता, २४ ते ४८ तास. कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या पुढं गेला की पिकणं अडतं, म्हणून दार अधूनमधून उघडून हवा बदलावी लागते.

ती हवा जाते कुठं? ज्या आवारात चेंबरचा पंखा मधल्या बोळात उघडतो आणि बोळाच्या पलीकडं फुलांचा गाळा आहे, तिथं ती फुलांवर जाते. कार्नेशनला एक पीपीएम इथिलीनही एक-दोन दिवसांत झोपवतं: पाकळ्या आत वळून मिटतात आणि फूल पुन्हा उघडत नाही. चेंबरमधलं प्रमाण त्याच्या शंभरपट आहे. ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. काही गुलाबांची पानं झडतात. फुलवाला म्हणतो माल जुना होता, आडता म्हणतो पॉलिहाऊसवाल्यानं औषध दिलं नाही. इथिलीनचा परिणाम रोखणाऱ्या सिल्व्हर थायोसल्फेटची प्रक्रिया केलेलं कार्नेशन टिकतं हे खरं, पण शेजारच्या भिंतीतून येणाऱ्या वायूचा खर्च फूलउत्पादकानं का करावा?

इथिलीन फक्त चेंबरमधूनच येत नाही. पिकती केळी आणि आंबा तो सोडतात, कुजणारं फळ तर जास्तच सोडतं, आणि इंजिन चालू ठेवून उभ्या ट्रकच्या धुरातही तो असतो. म्हणून फुलं आणि पिकणारी फळं एका शीतगृहात, एका रिफर (शीत) गाडीत, एका बंद बोळात नकोत. चेंबरची हवा बाहेर टाकणारा नळ छपराच्या वर न्या, फुलांच्या विरुद्ध बाजूला. धक्क्यावर इंजिन बंद करायला लावा. कुजक्या फळांचा ढीग लिलावाच्या आधी झाकणाच्या डब्यात उचला. संत्र्यावरच्या हिरव्या बुरशीचं, पेनिसिलियमचं, एक कुजकं फळ हलवलं तरी कोट्यवधी बीजाणू उडतात. ही बुरशी करप्यासारखी आतून येत नाही, तिला जखमच लागते: ओढून तोडल्यामुळं देठाशी फाटलेली साल, कॅरेटच्या तुटक्या कडेचा ओरखडा. त्यामुळं तिच्याविरुद्ध स्वच्छता खरंच चालते. कॅरेट आधी धुवायचे, मग वर सांगितलेल्या २०० पीपीएम पाण्यात बुडवायचे.

शीतगृहाबद्दल एक गैरसमज. थंड खोलीत पेट्यांची थप्पी लावली म्हणजे माल थंड झाला, असं नाही. हवा थप्पीभोवती फिरते, आत शिरत नाही. पेट्यांच्या दोन रांगा समोरासमोर लावा, मधली वाट वरून आणि एका टोकानं ताडपत्रीनं बंद करा आणि दुसऱ्या टोकाला पंखा लावून हवा बाहेर ओढा. मग ती पेटीच्या भोकांतून फळांच्या मधून जाते. ३४ अंशांचा आंबा १३ अंशांच्या खोलीत या पद्धतीनं समजा दोन तासांत अर्धा फरक उतरला, २३.५ झाला, तर पुढच्या दोन तासांत १८ आणि त्याच्या पुढच्या दोन तासांत साडेपंधरा होतो. सहा तास. नुसत्या थप्पीला याच कामाला एक दिवस किंवा जास्त लागतो आणि तोवर देठकुजीचं काम झालेलं असतं. तापमान भिंतीवरच्या आकड्यावर नको, गरात सुई खुपसून बघा. सुईचा तापमापक हजार-पाचशेत मिळतो.

आणि एकच खोली सगळ्यांना चालत नाही. गुलाब आणि कार्नेशनला २ ते ४ अंश, आंब्याला १३, केळीला १३ ते १४, ऑर्किड आणि अँथुरियमलाही १२-१३च्या खाली नको. द्राक्षाला शून्य, पण द्राक्षाच्या खोक्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा ग्रेप गार्ड नावाचा कागद असतो. तो बोट्रायटिस रोखतो आणि शेजारी ठेवलेल्या फुलांचा रंग उडवतो. केळीच्या फणीकुजीसाठी थंडीपेक्षा धारदार, स्वच्छ सुरी आणि चीक धुणारं स्वच्छ पाणी महत्त्वाचं. तोडलेल्या फणीचा फाटका माथा हेच तिचं दार.

२०१६मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाल्यापासून माल तुमच्याच आवारात येणं सक्तीचं राहिलेलं नाही. जिथं नासाडीचं कारण कळतं तिथं शेतकरी परत येईल, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं जाणता. गाळ्यांवरच्या माणसांना हे ओळखायला शिकवायला तीन दिवस लागतात. पुण्याजवळ तळेगाव दाभाडेला काढणीनंतरच्या हाताळणीचं प्रशिक्षण मिळतं, द्राक्षासाठी मांजरीचं आणि डाळिंबासाठी सोलापूरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे.

आंब्याच्या हंगामाची पट्टीपुस्तकं बहुतेक बाजारांत जानेवारीत छापायला टाकतात. यंदा ती टाकण्याआधी उजव्या बाजूला एक उभा रकाना वाढवावा. आंब्यासाठी त्यात सहा चौकटी: करपा, देठकूज, चीक, मार, साका, अतिथंडी. फुलांसाठी चार: मान पडणे, करडी बुरशी, इथिलीन, तापलेला माल. खाली दोन आकडे: उतरवताना गराचं किंवा गोणीच्या मध्यभागाचं तापमान, आणि नमुना पेटीचा पाचव्या दिवसाचा निकाल. छापखान्याला कागद तोच लागतो.

कळावे,
आपले,
पॅकहाऊस, शीतगृह आणि रोगनिदानाच्या कामातले काही जण